पाळकसाहेब रिकामे झाले

रेव्हरंड कृष्णा केरबा गोरे निवृत्त झाले आणि छावणीतल्या पाळकांच्या बंगल्यातून त्यांचं बिऱ्हाड निघालं, तेव्हा सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. टेम्पोवाल्यानं दोनदा विचारलं, "बस इतनाच? और कुछ नै?" त्यांची बायको सुवार्ता फाटकाजवळ उभी होती. ती म्हणाली, "इतकंच, बाबा. जास्त असतं तर आम्हालाच जड झालं असतं."

हे शहाणपण तिला सासूनं शिकवलं होतं. म्हाळसाबाई मेंढपाळाच्या घरातली. सगळी हयात कळपामागं चालण्यात गेलेली. लग्नाच्या वर्षीच तिनं नव्या सुनेला बजावलं होतं, "पोरी, बिऱ्हाड कसं ठिवावं ठावं हाय का? घोड्याच्या पाठीवर मावंल तितकंच. त्याच्यावर एक भांडं नाय." सुवार्ता तेव्हा मनातल्या मनात हसली होती. आपला नवरा शिकलेला, पांढरा झगा घालून वेदीपुढं उभा राहणारा. आपल्याला कुठं घोड्यावर संसार लादायचाय? पण मग अजिंठ्याहून जालना, जालन्याहून पैठण, असे बिशपसाहेबांचे हुकूम येत राहिले. दर चार-पाच वर्षांनी पडदे उतरायचे, भांडी गोणपाटात बांधायची, आणि दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या झाडांखाली जाऊन राहायचं. म्हातारी बरोबरच बोलली होती.

सुवार्ता हे नावही म्हाळसाबाईला मोठं गमतीचं वाटायचं. "म्हंजी काय गं?" तिनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं. सुवार्तानं सांगितलं, सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. तेव्हापासून म्हातारी तिला नावानं हाक मारायचीच नाही. दारात आली की ओरडायची, "काय बातमी?" वर्षातून एकदा, कळप घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं जाताना ती मिशनच्या आवारात थांबायची आणि चिंचेखाली बसून "काय बातमी?" म्हणायची. एका वर्षी सुवार्ता लाजून गप्प उभी राहिली, तर म्हातारी काय समजायचं ते समजली. उठून तिनं सुनेच्या गालावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मेंढरांचा वास असलेले ते खरबरीत हात सुवार्ताला अजून आठवत होते.

नवं घर म्हणजे छावणीच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढं अंगणाचा एक तुकडा. एकुलती लेक शीला पुण्याला असते. "बाबा, आता तरी माझ्याकडं या," म्हणून ती मागं लागली होती. रेव्हरंड म्हणाले, "आधी मला जरा स्वस्थ बसू दे." पण स्वस्थ बसणं त्यांना येतच नव्हतं. चहा झाला की ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. कुणी आजारी असेल, कुठं नवरा-बायकोचं बिनसलं असेल, कुणाला बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख हवी असेल. कुणीच यायचं नाही. लोक आता नव्या पाळकांकडं जात होते, आणि ते रीतसरच होतं.

"अहो, पेपर वाचा," सुवार्ता आतून म्हणायची.

"वाचला."

"मग दुकानातून गूळ तरी आणा."

ते उत्साहानं उठायचे. गूळ आणायला गेलेला माणूस तास-दीड तासानं परत यायचा, कारण वाटेत कुणाची तरी विचारपूस केल्याशिवाय त्यांचे पाय उचलत नसत. एकदा तर गूळच विसरून आले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी दोघं देवळात, म्हणजे छावणीतल्या चर्चमध्ये, गेले. नव्या पाळकांनी आग्रह केला, "साहेब, वेदीजवळ खुर्ची ठेवलीय, पुढं या." त्यांनी मान हलवली आणि ते सुवार्ताच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसले. तिला क्षणभर सुचेना. पिशवी कुठं ठेवावी, पदर कसा घ्यावा, असं झालं. लग्न झाल्यापासून ती देवळात कायम एकटी बसलेली. नवरा पुढं, झग्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. आणि ती पहिल्या बाकावर, तिच्याकडंही सगळ्यांच्या नजरा. शीला लहान असताना ती मांडीवर असायची तेवढीच काय ती सोबत. चार वर्षांची असताना ही पोर एकदा प्रभुभोजनाच्या वेळी मांडीवरून निसटली, पळत वेदीपाशी गेली आणि बापाचा झगा दोन्ही मुठींत धरून, गुडघे टेकलेल्या लोकांवर ओरडली, "हे माझे बाबा आहेत! तुमचे नाहीत!" सगळं देऊळ हसलं होतं. सुवार्ताही हसली होती, पण पोरीला उचलून आणायला ती लगेच उठली नव्हती.

आता पेटीवर सूर धरला गेला, मंडळी उठून गाऊ लागली, आणि इतक्या वर्षांनी सुवार्ताच्या लक्षात आलं की आपला नवरा बेसूर गातो. थोडाथोडका नाही, चांगलाच बेसूर. आजवर समोरून, माइकमधून, सगळ्यांच्या आवाजात मिसळून यायचा तो आवाज. आज तो तिच्या कानाशी होता. तिनं गीतांचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

"काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. तुम्ही गा."

ते आणखी मोठ्यांदा गाऊ लागले. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या मनात अजिंठ्याचा तो हंगामाचा रविवार उभा राहिला.

अजिंठा ही त्यांची पहिली नेमणूक. हंगामाच्या रविवारी मंडळीतल्या शेतकऱ्यांनी पहिल्या पिकाची अर्पणं आणून वेदीच्या पायऱ्यांवर रचली होती. ज्वारीची हिरवी कणसं, भुईमुगाचे वेल, मेथीच्या जुड्या, भोपळे. रेव्हरंड उपदेशाला उभे राहिले आणि त्याच वेळी म्हाळसाबाईचा कळप आवारात शिरला. पुढची मेंढी थेट दारातून आत आली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता अर्धा कळप बाकांमधल्या वाटेनं चालत वेदीपर्यंत पोचला. मेथी पहिल्यांदा गेली. बायका किंचाळल्या. मंडळीचे पंच हातात काठ्या घेऊन उठले. दारात म्हाळसाबाई कपाळावर हात मारून उभी, आणि तिच्यामागं तिचा थोरला लेक हनुमान, पोट धरून हसत होता.

पाळक काय बोलतात म्हणून सगळ्यांनी पुढं बघितलं. रेव्हरंड दोन पायऱ्या खाली उतरले, झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि तोंडानं त्यांनी असा काही आवाज काढला की सगळी मेंढरं एकदम थबकून त्यांच्याकडं वळली. ते पुढं चालत दाराबाहेर गेले आणि कळप मुकाट त्यांच्यामागं गेला. परत येऊन त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "मी तुम्हाला रोज मेंढरं म्हणतो, तुम्ही नुसतं ऐकून घेता. खरी मेंढरं बघितलीत ना? हाक मारली की येतात."

त्या दिवशी चिंचेखाली जेवताना म्हाळसाबाई हनुमानाला म्हणाली, "ह्याला शाळंत घातला, पुस्तकं दिली, आन् शेवटी ह्यो बी मेंढरंच राखतोय म्हन की."

कृष्णा शाळेत गेला तोही नाइलाजानंच. बाप केरबा रानात साप चावून गेला. दोन पोरं, कळप, आणि पुढं उन्हाळा. अजिंठ्याकडच्या मिशनच्या शाळेत वसतिगृह होतं. म्हाळसाबाईनं धाकट्याला तिथं ठेवला आणि थोरल्याला काठी दिली. धाकटा शिकला, तिथंच त्याचा विश्वास बसला, विसाव्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला. पाळकाची दीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सुचवलं की कृष्णा नावाचा पाळक बरा दिसायचा नाही, नाव बदला. तो म्हणाला, "माझी आई मला ह्याच नावानं हाक मारते. दुसऱ्या नावानं मारली तर मला ऐकू यायचं नाही." त्या वेळचे बिशपसाहेब हसले. "राहू दे. देवाचा नावांत घोळ होत नाही," म्हणाले. म्हणून मराठवाड्यातल्या चर्चांमध्ये रेव्हरंड कृष्णा गोरे हे नाव पुष्कळांना ठाऊक झालं, आणि लोकांनी त्याची गंमतही केली, आणि ते प्रत्येक गमतीत मनापासून हसले.

निवृत्तीला महिना होत आला असेल, तेव्हा दुपारी सुवार्ताचा फोन वाजला. पलीकडं तिची थोरली जाऊ होती, हनुमानाची बायको चंपाबाई.

"रिकामे झाले का गं भावजी?"

"झाले, जाऊबाई. घरातच असतात."

"मग घिऊन ये त्येंला."

सुवार्ता उठून अंगणात गेली. "दादा काय म्हणतील?"

"तेच तर म्हनले," चंपाबाईनं आवाज खाली आणला. "काल भाकर खाता खाता बोलले. म्हनले, सुटला आसंल आता. येवढंच. पर मी इतक्या वर्सांत त्येंच्या तोंडून किसनाभावजीचं काय बी ऐकलं नव्हतं."

दोघा भावांचं बोलणं बंद होऊन वीसेक वर्षं झाली होती. म्हाळसाबाई गेली तेव्हापासून. रेव्हरंड तेव्हा पैठणला होते. निरोप सकाळीच आला. पण त्याच पहाटे मंडळीतली आवडाबाई गेली होती. देऊळ झाडणारी, पुढं-मागं कुणी नसलेली म्हातारी. तिला देवळाच्या ओसरीत ठेवलेलं होतं आणि खड्डा खणणं चालू होतं. रेव्हरंड तिला माती देऊन निघाले. पैठणहून शहर, शहरातून फुलंब्री, आणि फुलंब्रीहून पुढं वाडीपर्यंत गाडी मिळाली नाही म्हणून पायी. पोचले तेव्हा सूर्य मावळला होता आणि सगळं आटोपलेलं होतं. हनुमानानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि तो घरात निघून गेला. परत आल्यावर रेव्हरंड सुवार्ताला एवढंच म्हणाले, "उशीर झाला." नंतर ते दोन-तीनदा वाडीला गेले, दरवेळी हनुमान काठी घेऊन रानात निघून जायचा. मग जाणंच थांबलं. जावा मात्र बोलत राहिल्या, आधी शेजारच्यांच्या फोनवरून आणि पुढं आपापल्या. सुवार्तानं मनाशी धरलं होतं की हा धर्माचा राग आहे. आई होती तोवर दबलेला, ती गेल्यावर वर आलेला.

शनिवारी सकाळी दोघं मध्यवर्ती बसस्टँडवरून फुलंब्रीच्या एसटीत बसले. हर्सूल मागं पडलं तसे रेव्हरंड खिडकीबाहेरच बघत राहिले. रस्त्याकडेला कपाशी फुटलेली होती, तूर पिवळी झाली होती. सुवार्तानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लोकांच्या दारात दुःखाच्या दिवशी बेधडक शिरणारा हा माणूस आज घाबरला होता. तिला ते कळत होतं.

"तिथं गेल्यावर उपदेश करू नका," ती म्हणाली.

"नाही करत."

वाडीत हनुमान अंगणातल्या बाजेवर बसला होता. सत्तरी ओलांडलेली, मिशा पांढऱ्याशुभ्र, डोक्याला लाल फेटा. आता तो कळप घेऊन लांब जात नव्हता. पंधरा-वीस मेंढरं दाराशी होती तेवढीच. तो उठला नाही. त्यानं भावाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"सुटलास?"

"सुटलो, दादा."

"समदं ज्याचं त्याला दिलंस?"

"दिलं."

"मग बस."

रेव्हरंड समोरच्या दगडावर बसले. चंपाबाईनं पाणी आणलं, चहा आणला. चहा संपला. एक कोकरू येऊन रेव्हरंडांच्या पँटची कड चघळू लागलं, त्यांनी ते चघळू दिलं. अखेर सुवार्ताला राहवलं नाही.

"दादा, इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत. ह्यांनी देव बदलला म्हणून का?"

हनुमानानं तिच्याकडं असं बघितलं, जणू ती परक्या भाषेत बोलली. "देव? देवाचं काय मधीच? तसं आसतं तर अजिंठ्याला मेंढरं घिऊन आलो आसतो का ह्याच्या दारी? आईनं याला हातानं शाळंत सोडला. तिला चाललं, मला का चालू नये?"

"मग?"

हनुमानानं बोटांनी बाजेची सुतळी चाचपली.

"म्हातारीला मी अंगनात ठिवली व्हती," तो म्हणाला. "दुपार कलली. लोक म्हनले, उचला आता. मी म्हनलो, नाय, माझा भाऊ येतोय. पुन्हा म्हनले. मी पुन्हा तेच. ऊन तिच्या तोंडावर यायला लागलं तवा मी घोंगडं धरून उभा राह्यलो. शेवटी जानत्या मान्सांनी मला बाजूला केलं आन् उचलली. ह्यो कुठं व्हता? पैठनात दुसऱ्याच्या म्हातारीला माती देत व्हता. लोकांच्या आयांला ह्यो हाय. आपल्या आईला नव्हता."

रेव्हरंडांनी मान खाली घातली होती. भाऊ प्रेत घेऊन थांबला होता, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. किती जणांच्या अंगणात बसून किती जणांची समजूत काढलेला माणूस, आणि स्वतःच्या अंगणात त्याला एक वाक्य मिळेना.

सुवार्ता त्यांच्या बाजूनं बोलायला पुढं सरसावली. "त्या आवडाबाईला कुणीच नव्हतं, दादा," तिनं सुरुवात केली, आणि मग तिच्याही नकळत तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "आणि मला तरी कोण होतं? शीला झाली तेव्हा मी दवाखान्यात एकटी. हे कन्नडला कुणाचं तरी लग्न लावत होते. परत आले तोवर पोरीला धुऊन-पुसून झोपवलेलं होतं. पाहुण्यासारखे आले, पाहुण्यासारखं विचारलं, 'कशी आहे?' आणि चहा पिऊन कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला गेले!"

ती थांबली. आपण काय बोललो हे तिला कळलं आणि तिचा चेहरा तापला. आजवर ती हे कुणाजवळ बोलली नव्हती, शीलाजवळसुद्धा नाही.

हनुमान डोळे बारीक करून बघत होता. "तुला बी?" त्यानं विचारलं.

"मला बी," सुवार्ता म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

चंपाबाई एकदम हसली. पदर तोंडाला लावून, अंग गदगदा हलवत हसली. "मला बी, मला बी! आन् माझं काय वायलं झालं गं? हे दसऱ्याला निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला घरी. माझी तिन्ही बाळंतपनं झाली तवा हे कुठं व्हते? मेंढरामागं! थोरला तर ह्येंला बघून रडायला लागला, कोन मिशावाला आलाय म्हनून. ह्या घरचे गडीच असले. एकानं चार पायांची राखली, एकानं दोन पायांची. घरच्यांनी नुसती वाट बघायची!"

हनुमानानं रागानं फेटा सावरला, पण त्याच्या मिशा थरथरल्या. सुवार्ता रडता रडता हसू लागली. रेव्हरंडांनी मान वर केली; त्यांचे गाल ओले होते.

"दादा," ते म्हणाले, "आईनं लई वाट बघितली का?"

"ती काय बघनार? ती तर गेली व्हती," हनुमान म्हणाला. "मी बघितली."

एवढं बोलून तो बाजेवर एका बाजूला सरकला आणि मोकळ्या जागेवर त्यानं हात आपटला. "दगडावर काय बसलास? ये हिकडं."

दुपारी दोघं भाऊ मेंढरं घेऊन माळाकडं गेले. हनुमानानं काठी भावाच्या हातात दिली होती आणि रेव्हरंडांनी पँट दुमडून वर घेतली होती. जावा ओट्यावर बसून शेंगा सोलत त्यांच्याकडं बघत राहिल्या. लांबून शब्द कळत नव्हते. पण थोरला हात हलवून काहीतरी समजावत होता, धाकटा मान डोलावत होता, मग धाकटा थांबून काहीतरी सांगायचा आणि थोरला ऐकत उभा राहायचा. मेंढरं पार पुढं निघून गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बघ," चंपाबाई म्हणाली, "दोघांस्नी मिळून पंधरा मेंढरं संभाळंनात."

म्हाळसाबाईला जिथं माती दिली होती तिथंही ते जाऊन आले. परतल्यावर हनुमान फक्त म्हणाला, "ह्यानं तिथं बसून गानं म्हनलं. लई वंगाळ गातो. आई आसती तर उठून गेली आसती." आणि चंपाबाईनं टाकलेली बाजरीची भाकरी त्यानं अर्धी मोडून भावाच्या ताटात टाकली.

मुक्काम तिथंच पडला. दुसऱ्या दिवशी रविवार. उजाडलं तेव्हा सुवार्ता उठली आणि सवयीनं तिनं शेजारी बघितलं. लग्न झाल्यापासून रविवारी ती जागी व्हायची तेव्हा तिथली जागा रिकामी असायची. उपदेशाची उजळणी करत ते केव्हाच व्हरांड्यात येरझाऱ्या घालत असायचे. आज ते तिथंच होते. कुशीवर वळून, हात उशीखाली घेऊन, तोंड अर्धवट उघडं ठेवून गाढ झोपले होते. ऊन उंबरठ्यापर्यंत आलं होतं.

ती आवाज न करता बाहेर आली. ओट्याच्या कडेला बसून तिनं डोळे मिटले आणि आपली प्रार्थना एकटीनंच म्हटली. डोळे उघडले तर समोर हनुमान उभा होता, खांद्यावर काठी.

"उठला नाय व्हय?"

"झोपलेत, दादा. उठवू का?"

"कशाला?" तो म्हणाला. "झोपू दे की."

त्यानं मेंढरांभोवतीची जाळीची वाघूर उघडली. रोज तो मेंढरं दारावरून, हाका घालत माळाकडं न्यायचा. त्या दिवशी त्यानं ती मागच्या वाटेनं, चुचकारत, गुपचूप काढली.